काचेतला मासा आणि खड्ड्यातले मेंढरू

२०२४ सालच्या ऑगस्ट महिन्यात बडोद्याला विश्वामित्री नदीचा पूर आला ही गोष्ट पुष्कळ वाचकांच्या स्मरणात असेल. २६ तारखेला, गोकुळाष्टमीच्या दिवशी, मुसळधार पाऊस लागला. नदीने धोक्याची २५ फुटांची खूण केव्हाच मागे टाकली आणि पाणी ३५ फुटांच्याही वर चढले. समा, फत्तेगंज, अकोटा अशा भागांत माणसे वरच्या मजल्यावर जाऊन बसली. लष्कर आले, होड्या आल्या. आमच्या विश्वामित्रीत मगरी आहेत हे बाहेरगावच्या वाचकांस कदाचित ठाऊक नसेल. पुराबरोबर त्या वस्तीत शिरल्या, आणि वन खात्याच्या लोकांनी व स्वयंसेवकांनी तीन दिवसांत २४ मगरी धरून सुरक्षित जागी नेल्या.

आम्ही राहतो त्या वासणा भागात आमच्या गल्लीत घरात पाणी आले नाही, पण वीज गेली ती दोन दिवस आलीच नाही. मंडळीतल्या तरुणांनी खिचडी शिजवून तिची पाकिटे बुडालेल्या वस्तीत पोचवण्याचे ठरवले. २८ तारखेला सकाळी मी त्याच गडबडीत होतो. एवढ्यात दारात आमच्या शब्बाथशाळेतली एक दहा वर्षांची मुलगी येऊन उभी राहिली. हातात प्लॅस्टिकची बादली. बादलीत तीन सोनेरी मासे होते. त्यांतले दोन पोट वर करून तरंगत होते आणि तिसरा कुशीवर पडून नुसते तोंड उघडत मिटत होता.

“सर, १९६२ ला फोन लावा ना,” ती म्हणाली. “पप्पांच्या मोबाईलची बॅटरी संपली. मगरीसाठी गाडी येते, मग माझ्या माशासाठी येईल ना?”

मी पाकिटे मोजत होतो. मान वर न करता म्हणालो, “अगं बेटा, तिकडे माणसं दोन दिवसांची उपाशी बसलीत आणि तू मासा काय घेऊन आलीस? मासाच तो. नवा आणू.”

ती काही बोलली नाही. बादली उचलून निघून गेली.

त्या दिवशी खिचडी वाटली हे काही चुकले नाही, आणि पुन्हा तशी वेळ आली तर मी आधी खिचडीच वाटीन. परंतु दोन आठवड्यांनी आमच्या वर्गात मत्तयाच्या बाराव्या अध्यायाचा धडा आला. शब्बाथ दिवशी कोणाचे मेंढरू खड्ड्यात पडले तर तो ते वर काढणार नाही काय, असा प्रश्न आपल्या प्रभूने तेथे परूशांना घातला आहे. मी धडा समजावून सांगितला. तेव्हा त्या मुलीने हात वर केला व विचारले, “सर, मेंढरू होतं म्हणून काढलं का? मासा असता तर नसतं काढलं?” वर्ग हसला. मीही हसलो आणि पुस्तिकेतल्या पुढच्या प्रश्नाकडे वळलो. शब्बाथशाळेच्या शिक्षकांना सांगावेसे वाटते की, ज्या प्रश्नाला आपण हसून पुढे जातो तो रात्री आपल्याबरोबर घरी येतो. हा लेख त्या हसण्यामुळे लिहावा लागत आहे.

प्रथम त्या बादलीत काय घडत होते ते सांगतो, कारण त्या सकाळी मला ते मुळीच ठाऊक नव्हते. मासा पाण्यातला प्राणवायू कल्ल्यांनी घेतो. पाणी थंड असेल तर त्यात प्राणवायू अधिक विरघळतो आणि पाणी तापले की कमी. २० अंश उष्णतेच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. तेच पाणी ३० अंशांवर गेले की साडेसात मिलिग्रॅमच. काचेच्या टाकीत बुडबुडे सोडणारा जो लहानसा पंप असतो तो पाणी सारखे हलते ठेवतो, आणि हलणाऱ्या पृष्ठभागातून हवा पाण्यात शिरते. वीज गेली, पंप थांबला, की टाकीत जितके मासे अधिक तितका प्राणवायू लवकर सरतो. मासे वर येऊन पृष्ठभागापाशी तोंड उघडू लागतात. मुलांना वाटते, त्यांना भूक लागली आहे. म्हणून मुले आणखी खाऊ टाकतात, तो खाऊ कुजतो, आणि कुजताना उरलासुरला प्राणवायूही संपवतो. शिवाय मासा आपल्या शरीरातला अमोनिया कल्ल्यांवाटे पाण्यातच सोडतो. नदीत तो वाहून जातो, टाकीत तो त्याच्याभोवतीच साठतो. ज्या जुन्या टाकीत या अमोनियाचा नाश करणारे सूक्ष्म जंतू वाढलेले असतात तेथे ठीक, पण नव्या टाकीत ते वाढायला कित्येक आठवडे लागतात.

याला उपाय काय? उपाय घरात होता आणि फुकटचा होता. मुलगी माझ्या दारातून गेली ती शेजारच्या गुजराती मासींकडे. या बाई कट्टर वैष्णव. आमच्या घरी बांगडा तळला की त्या आपली खिडकी लावून घेतात. त्यांनी तो उरलेला मासा उंच बादलीतून काढून कणीक मळायच्या मोठ्या पसरट परातीत सोडला. पाण्याचा पृष्ठभाग मोठा झाला की हवा अधिक मिळते, हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. परातीत मासा नीट दिसेल एवढाच त्यांचा विचार. माठातले कालचे पाणी थोडे थोडे घातले. नंतर पेल्याने तेच पाणी वीतभर उंचीवरून परातीत ओतायचे, पुन्हा भरायचे, पुन्हा ओतायचे, असे मुलगी आणि मासी आळीपाळीने रात्री उशिरापर्यंत करीत राहिल्या. मासा जगला.

नंतर मी जे वाचले आणि जाणत्यांना विचारले त्यावरून सांगतो, की त्या दोघींनी जे केले ते जवळजवळ सारे बरोबर होते. माशाला असा झटका आला की खाणे बंद ठेवावे. पाण्याचा चौथा ते तिसरा हिस्सा बदलावा. एकदम सगळे बदलू नये. नवे पाणी जुन्याइतकेच गार वा कोमट असावे आणि नळाचे ताजे नसावे, कारण नळाच्या पाण्यातील क्लोरिन कल्ले जाळतो. पूर ओसरल्यावर पाण्यात ब्लीचिंग पावडर जास्त घालतात, तेव्हा तर विशेष जपावे. चोवीस तास उघडे ठेवलेले पाणी बहुधा चालते. सोनेरी माशाला आयोडीन नसलेले साधे मीठ लिटरला दोन-तीन ग्रॅम घातल्याने आधार मिळतो. सर्व जातींना मात्र ते सोसत नाही. जखमी माशाला कोरड्या हाताने धरू नये, कारण त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर हेच त्याचे कवच, आणि ते आपल्या हाताला चिकटून निघून येते.

आता १९६२ चे. गुजरातेत हा क्रमांक फिरवला की आजारी व जखमी पशुपक्ष्यांसाठी गाडी येते. ‘करुणा’ या नावाने ही सोय २०१७ सालापासून सुरू झाली. उत्तरायणात पतंगाच्या मांज्याने कापलेली कबुतरे आणि बगळे वाचवण्यासाठी दरवर्षी जानेवारीत जे अभियान चालते ते आम्ही बडोदेकर डोळ्यांनी पाहतो. जैन बांधवांच्या पांजरापोळी तर त्याहून कितीतरी जुन्या. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय १८८३ पासून आहे. पण गाय, कुत्रा, घोडा, कबूतर यांच्यासाठी उभ्या राहिलेल्या या व्यवस्थेत मासा कोठे बसतो? पशुवैद्याचे शिक्षण एका महाविद्यालयात होते आणि माशांचे शिक्षण दुसऱ्या. रत्नागिरीला मत्स्य महाविद्यालय आहे, वेरावळला आहे, मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. तेथे माशांचे रोग शिकवतात खरे. पण त्या शिक्षणाचा रोख शेततळ्यांतल्या हजारो माशांवर असतो. एका मुलीच्या एका माशासाठी रात्री दार उघडणारा डॉक्टर आपल्या गावांत शोधून सापडणे कठीण. कायदा मात्र येथे आपल्यापुढे आहे. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यात ‘प्राणी’ म्हणजे मनुष्याखेरीज कोणताही सजीव अशी व्याख्या आहे, म्हणजे त्यात मासाही आला.

परदेशात अशी सोय आहे. २०१४ साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरी लॉर्ट स्मिथ या जनावरांच्या रुग्णालयात जॉर्ज नावाच्या दहा वर्षांच्या सोनेरी माशाच्या डोक्यावरील गाठ कापून काढली गेली. डॉक्टरांनी तीन बादल्या तयार केल्या. एकीत गुंगी आणणाऱ्या औषधाचे पाणी, दुसरीत गुंगी टिकवण्यापुरते सौम्य पाणी आणि तिसरीत शुद्धीवर येण्यासाठी स्वच्छ पाणी. मासा बाहेर घेऊन त्याच्या तोंडातून नळीने दुसऱ्या बादलीचे पाणी कल्ल्यांवर सोडत ठेवले, म्हणजे मासा झोपलाही आणि श्वासही घेत राहिला. पाऊण तास शस्त्रक्रिया चालली. खर्च सुमारे २०० ऑस्ट्रेलियन डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने अकरा हजार रुपयांच्या आसपास. बातमी जगभर गेली. कोणी कौतुक केले, कोणी थट्टा केली.

मी ती बातमी आमच्या वडीलवर्गातल्या एका गृहस्थांना सांगितली. ते म्हणाले, “अकरा हजारांत एका गरीब पोराची वर्षाची फी भरली असती.” हे बोलणे टाकाऊ नाही. बेथानीत येशूच्या मस्तकावर सुगंधी तेल ओतले गेले तेव्हाही तेलाची किंमत आणि गरीब यांचाच हिशेब कोणीतरी मांडला होता, असे मी लगेच म्हणू शकलो असतो. पण ते खोटे उत्तर झाले असते, कारण तेथे प्रभू होता आणि येथे मासा आहे. मी त्यांना इतकेच विचारले की, त्या माशाच्या मालकाने तो पैसा माशावर खर्च केला नसता तर फी भरली असती का? ते हसले आणि म्हणाले, “नवा टीव्ही घेतला असता.” तथापि माझाही मुद्दा पुरता सिद्ध होत नाही. पैसा मर्यादित असतो आणि निवड करावीच लागते. ज्या घरी औषधाला पैसे नाहीत त्या घरच्या माशावर शस्त्रक्रिया करा असे सांगणारा मी कोण? माझ्यापुढचा प्रश्न मात्र अकरा हजारांचा नव्हताच. तो एका परातीचा आणि पेल्याचा होता. मला त्या सकाळी फक्त एवढे सांगता आले असते, की बेटा, पसरट भांड्यात काढ आणि पाणी हलवत राहा. याला दहा सेकंद लागली असती. ते मला सांगता आले नाही, कारण मला ते ठाऊक नव्हते; आणि ठाऊक नव्हते, कारण मासाच तो.

माशाला दुखते का? येथे विद्वानांत मतभेद आहेत. २००३ साली एडिनबरोजवळच्या रॉझलिन संस्थेत लिन स्नेडन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट जातीच्या माशांच्या तोंडाभोवती इजा ओळखणारे मज्जातंतू आहेत असे दाखवले. ज्या माशांच्या ओठांत मधमाशीचे विष किंवा आम्ल टोचले ते जास्त वेगाने श्वास घेऊ लागले आणि बराच वेळ खाईनात. आम्ल टोचलेले मासे तर ओठ टाकीच्या तळाच्या खड्यांवर घासू लागले. याच्या विरुद्ध पक्ष असा की, वेदनेची जाणीव होण्यासाठी मेंदूचा जो वरचा थर माणसाला आहे तो माशाला नाहीच. म्हणून तो तडफडला तरी त्याला ‘दुखणे’ म्हणता येत नाही. हा वाद मिटलेला नाही आणि तो मिटवण्याची माझी योग्यता नाही. परंतु माझ्यासारख्या साध्या माणसाला एक गोष्ट समजते. मुलाने पोटात दुखते म्हटले आणि खरेच दुखते की शाळा चुकवायची आहे याची शंका आली, तर आई आधी पोटाला हात लावते, चौकशी मागून करते.

आपली दया आवाजाच्या मागे जाते असे मला वाटू लागले आहे. कुत्रे विव्हळते, गाय हंबरते, कबुतराच्या पंखातून रक्त गळताना दिसते. माशाला आवाज नाही, पापणी नाही, चेहऱ्यावर भाव नाही. आपण सगळ्याच जनावरांना मुके प्राणी म्हणतो, पण खरा मुका हाच. आणि गंमत अशी की आपल्या भाषेत जिवाच्या तगमगीसाठी आपण याच मुक्याचा दाखला देतो. पाण्याबाहेरच्या माशासारखी अवस्था झाली, असे कितीदा प्रार्थनेतही ऐकू येते! ती उपमा देताना कोणाच्या डोळ्यांपुढे खरा मासा येतो का?

पवित्र शास्त्रात मासे पुष्कळ आहेत. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देवाने जो पहिला आशीर्वाद उच्चारला तो आदामाला नव्हे. तो पाचव्या दिवशी पाण्यातल्या जीवांना व पक्ष्यांना दिलेला आहे. सहावा दिवस अजून उजाडायचा होता. मी डिप्लोमाचा अभ्यास करीत असताना हा अध्याय तोंडपाठ केला होता, पण हे माझ्या लक्षात आले ते या पुरानंतर. योनाच्या पुस्तकाचा शेवटही असाच. निनवे नगराची कीव करताना देव त्यातल्या अजाण माणसांबरोबर गुराढोरांचीही गणती करतो. दुसऱ्या बाजूने, आपल्या प्रभूचे काही शिष्य कोळी होते. त्याने भुकेल्यांना मासे वाटले, पुनरुत्थानानंतर भाजलेल्या माशाचा तुकडा शिष्यांसमोर खाल्ला, आणि तिबेर्य समुद्राच्या काठी विस्तवावर मासे ठेवून त्यांना न्याहारीला बोलावले. तेव्हा मासा खाणे हेच पाप, असे शास्त्राच्या आधाराने मला म्हणता येत नाही. शेजारच्या मासींना ते म्हणता येते आणि त्यांच्या त्या बोलण्यात जोर आहे, कारण त्या आपल्या म्हणण्याप्रमाणे वागतात. आमची अडचण अशी की तव्यावरचा मासा आणि टाकीतला मासा एकाच घरात आहेत. मुलगी एकासाठी रडते आणि दुसऱ्याची शेपटी कुरकुरीत झाली का म्हणून विचारते.

या कोड्याशी एक मोठा माणूस झगडला होता. आल्बर्ट श्वाइट्झर हे पाळक, ईश्वरविज्ञानाचे पंडित, आणि नंतर आफ्रिकेत लांबारेने येथे वैद्यकीय सेवा करणारे डॉक्टर. १९१५ साली ओगोवे नदीतून आगबोटीने जाताना त्यांना जीवनाविषयीच्या आदराचा विचार सुचला, आणि १९५२ चे शांततेचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. त्यांनी आपल्या आत्मचरित्रात एक प्रसंग सांगितला आहे. मासे खाणाऱ्या गरुडाचे एक पिल्लू काही लोकांनी वाळूवर पकडले होते. त्याचे हाल होऊ नयेत म्हणून श्वाइट्झर यांनी ते विकत घेतले. आता पंचाईत झाली. पिल्लाला उपाशी मारावे, की त्याला जगवण्यासाठी रोज कितीतरी लहान मासे मारावेत? त्यांनी पिल्लाला जगवायचे ठरवले. पण आपल्या जबाबदारीवर एका जिवासाठी दुसरा जीव द्यावा लागतो याचे दुःख त्यांना रोज होई. या प्रसंगातून त्यांनी सुटकेचा मार्ग दाखवला नाही. मला त्यांचा हा प्रामाणिकपणा त्यांच्या तत्त्वज्ञानाहून मोठा वाटतो. पण एक गोष्ट पाहा. नदीत हजारो गरुड होते, ते हजारो मासे खात होते, त्यांचा हिशेब श्वाइट्झर यांच्याकडे नव्हता. पिल्लू विकत घेऊन हाती धरले त्या क्षणी त्याचा आणि त्याच्या खाद्याचा हिशेब त्यांच्यावर आला.

येथे मला एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी मी आतापर्यंत टाळली. ते मासे त्या मुलीला मीच दिले होते.

२०२३ च्या नाताळात शब्बाथशाळेच्या बक्षीस समारंभासाठी दरवर्षीच्या स्टीलच्या डब्यांऐवजी काहीतरी वेगळे द्यावे असे मला वाटले. वर्षभरात सर्वांत अधिक वचने पाठ केलेल्या दहा मुलांना मी काचेचा एकेक गोल वाडगा आणि प्रत्येकी तीन सोनेरी मासे दिले. देवाच्या निर्मितीची मुलांना आवड लागावी हा हेतू. मुलांचे चेहरे काय फुलले होते! छायाचित्रही काढले. वाडग्याला वर निमुळते तोंड होते, म्हणजे हवा लागायला जागा सर्वांत कमी. सोनेरी मासा नीट ठेवला तर दहा-पंधरा वर्षे जगतो आणि वीतभर वाढतो, हे मला माहीत नव्हते. दुकानदाराला मी विचारले नाही आणि त्याने सांगितले नाही. ईस्टरपर्यंत नऊ घरांतले मासे मेले. कोणी मला कळवले नाही. सरांना वाईट वाटेल म्हणून आयांनी मुलांना गप्प बसवले. फक्त या मुलीने बापाकडे हट्ट करून मोठी टाकी आणि पंप आणवला, म्हणून तिचे पुरापर्यंत टिकले.

तेव्हा मेंढराविषयीचा तिचा प्रश्न पुन्हा मांडतो. त्या वचनात मेंढरू कोणाचे आहे? खड्ड्यातून काढणाऱ्याचे स्वतःचे. परूशी मंडळी शब्बाथाविषयी कितीही कडक असोत, पण आपल्या मेंढराला तेही हात देत, हे गृहीत धरूनच प्रभू बोलतो. समुद्रातल्या आजारी माशाचा वैद्य मी होऊ शकत नाही आणि तसे कोणी मागितलेही नाही. परंतु काचेत घातलेल्या माशाला आता नदी नाही, प्रवाह नाही, सावली शोधायला दुसरा काठ नाही. त्याचे सगळे जग आपण हातभर केले. त्यात जे बिघडेल ते त्याला सोडून जाता येत नाही. नोहाच्या तारवात मासे नव्हते, कारण जलप्रलयात त्यांना तारवाची गरज नव्हती. मुले हे फार चटकन ओळखतात. मग पुराच्या दिवसांत बडोद्यात, चहूकडे पाणीच पाणी असताना, मासा हवेवाचून मेला हे केवढे विचित्र! ज्याला तारू नको होते त्याला मी तारवात घातले आणि निघून गेलो.

तव्यावरच्या माशाचे काय? त्यालाही मी मारतो, किंवा माझ्यासाठी कोणी मारतो. त्या बाबतीत मला पूर्ण समाधान देणारे उत्तर सापडलेले नाही. एवढेच कळते की, आपण एकाला खातो म्हणून दुसऱ्याला गुदमरू द्यायला हरकत नाही, हा युक्तिवाद टिकत नाही. शेळी कापणारा खाटीकही दारातल्या शेळीला पाणी पाजतो. जे कोळी मासा धरल्याबरोबर डोक्यावर घाव घालून त्याला संपवतात ते टोपलीत तासभर तडफडत ठेवणाऱ्यांपेक्षा अधिक बरे करतात, असे मला आता वाटते, आणि बाजारात ते मी पाहू लागलो आहे.

दयेच्या नावाने आणखीही चुका होतात. मंडळीतल्या एकाने मला सुचवले, “एवढे त्रासदायक असेल तर सगळे मासे विश्वामित्रीत सोडून द्या, देवाची नदी आहे.” हे ऐकायला गोड आहे. पण सोनेरी मासा या नद्यांचा नव्हे. टाकी साफ करणारा म्हणून जो सकरमाउथ मासा विकतात तो अशाच दयाळू हातांनी आपल्या नद्या-तलावांत पोचला आहे, आणि तो तेथे फोफावला की मूळच्या माशांना जड जाते. आजारी मासा सोडला तर त्याचा रोगही नदीला मिळतो. जो मासा वाचणारच नाही त्याला गुंगीच्या पाण्यात शांतपणे मरू देणे हाही उपचारच होय. जाणते लोक त्यासाठी लवंगेचे तेल वापरतात. संडासात टाकून साखळी ओढणे हा उपचार नव्हे.

मुंबईला वाळकेश्वरच्या बाणगंगा तलावाची हकीकत तर सर्वांनी ऐकण्यासारखी आहे. सर्वपित्री अमावास्येला लोक तेथे पितरांसाठी पिंड व अन्न पाण्यात सोडतात. ते कुजते, पाण्यातला प्राणवायू संपतो, आणि त्यानंतर तलावात मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या अनेक वर्षे येत राहिल्या. सोडणाऱ्यांच्या मनात दुष्टावा नाही, उलट श्रद्धाच आहे. दुसऱ्यांच्या चालीकडे बोट दाखवावे म्हणून मी हे लिहीत नाही. माझे दहा वाडगे याच जातीचे होते. आणि याच महाराष्ट्रात महाडजवळ वाळणकोंडीला काळ नदीच्या डोहातले महसीर मासे वरदायिनी देवीचे म्हणून गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखले आहेत. तेथे कोणी जाळे टाकत नाही. त्यांची श्रद्धा आपली नव्हे, पण तो डोह पाहून आपण काही शिकू नये असेही नाही.

२०२४ च्या नाताळात आम्ही पुन्हा स्टीलचे डबे दिले. एका मुलाने विचारले, “सर, यंदा मासे नाहीत?” मी त्याला आणि सगळ्या वर्गाला काय झाले ते सांगितले, वाडग्याचे निमुळते तोंड फळ्यावर काढून दाखवले. धड्याला वेळ उरला नाही. मुलीकडे मी पाहिले नाही, आणि तीही खाली पाहत होती.

गेल्या मे महिन्यात भर दुपारी वासण्यात वीज गेली. अर्ध्या तासाने तिच्या आईचा फोन आला की, मुलगी एकटी आहे, मासी गावाला गेल्या आहेत, तुम्ही जाल का? मी गेलो. परात तिने आधीच काढून ठेवली होती. आम्ही आळीपाळीने दोन तास पेल्याने पाणी ओतले. ती मोजत होती, मला मोजायचे सुचले नाही. वीज आल्यावर पंप सुरू झाला, मासा टाकीत तळाशी जाऊन बसला, आणि तिने मला सरबत दिले.

घरी आलो तेव्हा जेवणात बांगड्याचे कालवण होते. पत्नीने विचारले, इतका उशीर का झाला? मी सांगितले आणि जेवायला बसलो.